पहिला पाट

नळाचं पाणी येऊन गेलं होतं आणि मी अंगणात पितळेचे डबे चिंचेनं घासत बसले होते. महालक्ष्म्या दोन-तीन दिवसांवर आल्या होत्या. सासूबाई ओसरीवर हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. त्यांच्यासमोर शालूबाई, आमच्या भिंतीपलीकडच्या, चौरंग मागायला आलेल्या. चौरंग केव्हाच मिळाला होता, भिंतीला टेकवूनही ठेवला होता, पण शालूबाईंचं उठायचं काही दिसत नव्हतं. आत आमचे हे रेडिओ लावून दाढी करत होते.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

आमच्या गल्लीत सकाळी दारं उघडीच असतात. येणारा बाहेरून हाक मारतो आणि हाकेच्या मागोमाग आत येतो. कडी वाजवणारा म्हणजे परका माणूस. मी चिंचेचे हात तसेच घेऊन गेले, तर दारात पद्मजाताई.

त्यांना त्या वेळी कुणाच्या दारात मी कधी पाहिलंच नव्हतं. समोरच्या बोळाच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी, राहत्या घराच्याच पुढच्या खोलीत. सकाळी लाइट असेतो त्या तिथून हलत नसत. आताही पापण्यांवर पीठ होतं, केसांना बांधलेला रुमाल तसाच होता.

"कडी कसली वाजवता, आत या की," मी म्हटलं.

त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. माझ्या खांद्यावरून सासूबाईंकडे बघत म्हणाल्या, "काकू, तुम्ही आज आवतण द्यायला निघाल म्हणून आधीच आले. यंदा मला सवाष्ण सांगू नका."

सासूबाईंचा डाळीतला हात थांबला. "काहून गं? अडचण येणार आहे का तुझी?"

"नाही."

"मग गावाला चाललीस?"

"गावालाही नाही. येऊन सांगते सगळं निवांत. आता रांग लागली आहे, जाईला बसवून आले."

"पद्मजा, पहिला पाट तुझा असतो आमच्याकडं."

"म्हणूनच सांगायला आले, काकू."

एवढं बोलून त्या गेल्या. मग शालूबाईंनी पदर सावरला. "बाई आपल्या तोंडानं सवाष्ण नको म्हणते, म्हणजे दुसरं काय असणार काकू?"

"तिच्या कपाळाला कुंकू होतं," सासूबाई म्हणाल्या. "मी बघितलं."

"ऐन सणात गिरणी बंद ठेवावी लागेल म्हणून लपवत असेल. नवऱ्याबद्दल वाशिमहून निरोप आला असेल हो. बिचारी."

आणि शालूबाई उठल्या. इतक्या लगबगीनं गेल्या की चौरंग भिंतीशीच राहिला.

पद्मजाताईंचं घर म्हणजे उत्तमरावांचं घर. उत्तमराव त्यांचे सासरे, कचेरीतून पेन्शन घेऊन आलेले. घरात बसून हात दुखतात म्हणायचे आणि त्यांनीच ती गिरणी टाकली. चालवायला हरिचंद नावाचा माणूस होता. पद्मजाताई तेव्हा नव्या सूनबाई, वसमतकडच्या, बारावी झालेल्या. त्यांचे यजमान मार्तंडराव सरकारी कचेरीत कारकून. मुलगी जाई रांगत होती तेव्हा त्यांची वाशिमला बदली झाली. वाशिम काही परदेश नाही, एसटीत बसून एक डुलकी काढली की आलं. सुरुवातीला ते दर शनिवारी यायचे. मग महिन्याला. मग दिवाळीला. मग एक दिवाळी आली आणि ते आले नाहीत.

पुढं हरिचंद नांदेडला निघून गेला. उत्तमरावांना एका बाजूनं लकवा मारला. पद्मजाताईंनी डोक्याला रुमाल बांधला आणि गिरणीत उभ्या राहिल्या. पहिले काही दिवस बायका ओसरीत डबा ठेवून बोळाच्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहत, तिला लाज वाटू नये म्हणून. तिला लाज वाटत नव्हती. ज्वारीवर गहू आले की पहिली ओंजळ बाजूला काढायची, सणाचं दळण आधी घ्यायचं, बाळंतिणीच्या घरचं बारीक, आंबिलीचं जाडसर, हे तिला सांगावं लागत नसे. मंगळसूत्र तिनं त्याच सुमारास काढून डबीत ठेवलं. मशीनच्या पट्ट्यात अडकेल, असं ती म्हणायची. सगळ्यांना पटलं.

मार्तंडरावांचं वाशिमला दुसरं बिऱ्हाड आहे हे गल्लीला तिच्याआधी कळलं की नंतर, कोण जाणे. पण कळलं होतं सगळ्यांना. आमच्या गल्लीची एक रीत आहे, ती चांगली म्हणावी की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माहीत असलेली गोष्ट कुणाच्या तोंडावर विचारायची नाही. बायका दळण घेऊन जात आणि एवढंच विचारत, "मार्तंडराव बरे आहेत ना?" पद्मजाताई म्हणायच्या, "बरे आहेत. बदली काही होईना हो त्यांची." हिंगोली जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या आल्या, कुठकुठले साहेब-कारकून इथं बिऱ्हाडं घेऊन आले, तरी मार्तंडरावांची बदली काही होईना. विचारणारी मान हलवायची, सांगणारी डबा तोलायची, आणि सगळं सुरळीत चालायचं.

उत्तमरावांनीच तिच्याकडून शब्द घेतला होता म्हणे. मी आहे तोवर घरातलं घरात राहू दे. ते गेले तेव्हा मार्तंडराव आले, डोकं भादरून सगळे विधी केले, पाहुण्यासारखे जेवले आणि चौदाव्या दिवशी गेले. गल्लीला बरंच वाटलं. आले होते ना, बघा.

आणि दर वर्षी महालक्ष्म्यांना आमच्याकडचा पहिला पाट पद्मजाताईंचा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघते आहे. सासूबाई स्वतः त्यांचे पाय धुवायच्या. सासूबाईंचं म्हणणं, पोटभर जेवणारी सवाष्ण घराला लाभते. पद्मजाताई जेवायच्याही मनापासून, आंबील दोनदा मागून घ्यायच्या. आणि नाव घ्यायला सांगितलं की दर वर्षी नवा उखाणा. मागचा कधी परत नाही. बायका त्यासाठी वाट बघायच्या.

दुपारपर्यंत गल्लीत सुतक पसरलं होतं.

"जाऊन बघून ये," सासूबाई मला म्हणाल्या. आंबिलीची ज्वारी डब्यात भरून तयार होती, पण डब्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे नेऊ नकोस. खरंच तसं असलं तर नैवेद्याला चालणार नाही."

मी रिकाम्या हातानं गेले. गिरणी चालू होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत दोघी रांगेतून आपापले डबे उचलून निघाल्या. एक म्हणाली, "लाइट जाणार म्हणतात, उद्या येते." दुसरी काही न म्हणताच गेली. शालूबाई दाराशी डोक्यावरून पदर घेऊन उभ्या होत्या, समाचाराला आल्यासारख्या. आत पद्मजाताई पिठाच्या पिशवीला हात लावून उभ्या. एकेक डबा कमी होताना त्यांना दिसत होता. वर्षातलं सगळ्यात मोठं दळण या चार दिवसांतलं.

यशोदाबाई तेव्हाच डोक्यावर ज्वारीचं बोचकं घेऊन आली. ती मूळची साखरा गावची, आता गावाबाहेर शेरडं-मेंढरं घेऊन राहते. तिला आमच्या गल्लीच्या रीती माहीत नाहीत. तिनं बोचकं टेकवलं आणि विचारलं, "काहून साऱ्या परत चालल्या? मशीन बिघडली का?"

शालूबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. "हळू. सुतक आहे घरात."

"कोन गेलं?" यशोदाबाईचा आवाज रानातला. मशीनवरूनही ऐकू गेला.

पद्मजाताईंनी वळून बघितलं. शालूबाई जमिनीकडे बघायला लागल्या. यशोदाबाईनं आपणच जुळवलं, "मालक गेले म्हणं का तुमचे, माय?"

पद्मजाताईंनी मशीन बंद केली. गिरणी थांबली की पट्टा थोडा वेळ फटफटत राहतो. तो थांबल्यावर त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. पुसताना कुंकू फिसकटू नये म्हणून कपाळाला हात लावला नाही, ते मी बघितलं.

"कोण म्हणालं गेले?"

शालूबाईंनी पदर आणखी पुढं ओढला.

"गेले नाहीत. वाशिमला आहेत," पद्मजाताई म्हणाल्या. "तिथं त्यांचं घर आहे, बायको आहे, दोन मुलं आहेत. जाई लहान होती तेव्हापासून आहे. त्यांची बदली होत नाही असं मी तुम्हाला सांगायची ना, ते खोटं. त्यांनी बदली कधी मागितलीच नाही."

आवाज चढवला नव्हता. दळण केव्हा मिळेल ते सांगावं, तसं सांगितलं.

"अगं पण पद्मजा," शालूबाई कळवळून म्हणाल्या, "आम्ही कुठं काही विचारलं तुला?"

"तुम्ही कधी विचारलं नाही शालूबाई, म्हणून तर एवढं चाललं."

यशोदाबाई एकीकडून दुसरीकडे बघत होती. तिला यात अडण्यासारखं काही दिसेना. "म्हंजे सुतक न्हाई," ती म्हणाली. "मंग दळा की. शेरडं मोकळी सोडून आली म्या."

पद्मजाताईंना हसू आलं. मग मलाही. शालूबाईंनी पदर खाली घेतला आणि म्हणाल्या, "माझंही राहिलंय गं, गहू." पण त्या घरी गेल्या आणि गव्हाचा डबा घेऊन काही आल्या नाहीत.

इथं मला थोडं पुढचं सांगून टाकायला हवं, कारण लोकांना वाटतं, खरं बोललं की सगळं आपोआप सुरळीत होतं. त्या सणात निम्मे डबे परतले नाहीत. सुतक नाही हे कळूनसुद्धा. काहींना राग आला होता, इतकी वर्षं आपल्याला खोटं सांगितलं म्हणून. जणू त्यांना माहीतच नव्हतं. शालूबाई दिवाळीच्या भाजणीला आल्या. दोन घरं आजही स्टेशनकडच्या गिरणीत जातात, आणि पद्मजाताईंच्या दारावरूनच जातात. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, बोलावलं तर काय म्हणून, हे कुणाला ठरवता येईना. मग बोलावणीच कमी झाली. विधवा असती तर रीत माहीत होती. सवाष्ण असती तरी माहीत होती. आपण कोण हे तिनं स्वतःच सांगितलं, त्याची रीत कुणाकडं नव्हती. पण तिनं नंतर कधी, कुणाहीसमोर, "बदली" हा शब्द उच्चारला नाही. कुणी मार्तंडरावांची चौकशी केली तर ती म्हणायची, "मला माहीत नाही हो." आणि ते खरं होतं.

त्या दिवशी मी घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे जिवंत आहे ना? मग झालं. सवाष्णच आहे ती." आणि लगेच कुंकवाचा करंडा आणि अक्षता वाटीत घेऊन उठल्या. "ज्वारीचा डबा घे तू. चल."

आम्ही गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. लाइट गेलेली, गिरणीत कंदील. जाई पायरीवर बसून कंदिलाच्या उजेडात अभ्यास करत होती. आठवीत होती तेव्हा ती. पद्मजाताईंनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं, चटई टाकली.

सासूबाईंनी मुद्द्यालाच हात घातला. "हे बघ पद्मजा, शास्त्र काय म्हणतं? नवरा कुठंही असो, जिवंत आहे तोवर बाई सवाष्ण. तुला कुणी काही बोललं का? नाव सांग मला फक्त."

"कुणी नाही बोललं, काकू. शास्त्रानं मी सवाष्ण असेन. मी नाही म्हणत नाही."

"मग कुंकू तर लावून राहिलीस."

"कुंकू मी पाळण्यातून उठले तेव्हापासून लावते. आईनं लावलं. त्यांची ओळखही नव्हती तेव्हा. ते मी कशाला सोडू? मंगळसूत्र काढलं ते मात्र त्यांचं होतं म्हणून काढलं. पट्ट्याचं आपलं निमित्त."

मग मीच विचारलं, "पण यंदाच का, ताई? इतकी वर्षं निभावलंत."

पद्मजाताईंनी दाराकडे बघितलं. बाहेर जाईचं तोंडातल्या तोंडात पाठांतर चाललं होतं. आवाज खाली घेऊन त्या म्हणाल्या, "परवा मी डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावत होते. जाई जवळ होती. मला म्हणाली, आई, महालक्ष्म्या आल्या, तुझा यंदाचा उखाणा मी केला, ऐक. आणि म्हणून दाखवला. 'दळणाच्या डब्यावर लिहिलं मी नाव, मार्तंडराव वाशिमला, लांब नाही गाव.'"

सासूबाईंच्या तोंडावर कौतुक आलं आणि आलं तसं मावळलं.

"चांगला जुळवलाय ना?" पद्मजाताई म्हणाल्या. "तिला सगळं माहीत आहे, काकू. शाळेत पोरींनी सांगितलंय तिला कधीच. मला म्हणाली, लांब नाही असं घातलं म्हणजे कुणी फार विचारत नाही. माझं हे असं मी सासऱ्यांच्या शब्दासाठी केलं. ते गेल्यावर सवयीनं केलं. पण तिला मी शिकवलं नव्हतं हो. तिनं बघून बघून उचललं. हसत हसत करायला लागली ती, माझ्यापेक्षा सफाईनं."

बाहेर जाई एकच ओळ परत परत घोकत होती.

"बरं," सासूबाई शेवटी म्हणाल्या. सासूबाई सहजी माघार घेणाऱ्या नव्हेत, त्यामुळे त्यांचं पुढचं बोलणं मला मोठं वाटलं. "नाव नको घेऊस. मी कुणाला घ्या म्हणू देणार नाही. पाटावर बस, जेव, ओटी घे आणि जा. एवढं तर होईल?"

पद्मजाताईंनी वाटीतल्या अक्षतांकडे बघितलं. मला वाटलं, हो म्हणतील. म्हणणं सोपं होतं. परत गेलेले निम्मे डबे त्या एका पाटानं उद्याच्या उद्या परत आले असते. आमच्या सासूबाईंनी पाय धुतले म्हटल्यावर गल्लीत कोण काय बोलणार होतं?

"तुम्ही माझे पाय धुता ना काकू," त्या सावकाश म्हणाल्या, "तेव्हा दर वर्षी मला वाटतं, हे पाणी माझ्या पायांवर नाही पडत. वाशिमला जातं."

सासूबाईंनी मांडीवरची वाटी खाली ठेवली. अक्षता तशाच होत्या. त्या एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. "मग सणासुदीचं माझ्या दारात येणारच नाहीस का तू? लोक म्हणतील, हिचं कळलं आणि काकूनं पाट काढून घेतला. आणि तुला काय वाटेल? आम्ही सगळे आत जेवायला बसलेलो, आणि तू इथं कंदील लावून."

तेव्हा पहिल्यांदा पद्मजाताईंचे डोळे भरले. इतका वेळ त्या सगळं निभावून बोलत होत्या, पण हे कुणी विचारेल असं त्यांना वाटलं नसावं. रुमालाच्या टोकानं डोळे पुसले, तसं पापण्यांवरचं पीठ गालावर आलं.

"तेच भ्या वाटून राहिलं होतं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून सकाळी दारातून आत आले नाही. आले असते तर सांगितलंच नसतं."

सासूबाईंनी माझ्याकडे हात केला. मी ज्वारीचा डबा पुढं सरकवला.

"जाडसर," सासूबाई म्हणाल्या. "आंबिलीचं आहे."

"माहीत आहे." पद्मजाताईंनी डब्याचं झाकण काढलं, मूठभर ज्वारी हातात घेऊन कंदिलाशी धरली, परत डब्यात सोडली. झाकण लावलं नाही.

"पहिला पाट मी कुणाला देऊ ते तरी सांग आता," सासूबाई म्हणाल्या.

"शालूबाईंना द्या. चौरंग न्यायला येतीलच त्या."

सासूबाईंना हसावं की रागवावं कळेना. "आणि तुला?"

"मला नुसतं जेवायला बोलवा, काकू. मागच्या पंगतीत, जाईच्या शेजारी. आणि आंबील वाटीभर राखून ठेवा माझ्यासाठी, मला आवडते."